राहावं कुठं? वर्धा नदीचे दोन काठ आणि सेगावची निवड



आजचा विषय तसा घरगुती आहे. कुठल्या भागात राहणं चांगलं? विदर्भात की पश्चिम महाराष्ट्रात, खेड्यात की शहरात, इथं की परदेशात? हा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला असतो, आईवडील वर्ध्याला, आर्वीला, हिंगणघाटला. फोनवर मुलगा म्हणतो, "बाबा, तिकडे काय ठेवलंय आता? इकडे या." बाबा म्हणतात, "बघू, पोळा होऊन जाऊ दे." पोळा होतो, दिवाळी होते, बाबा काही जात नाहीत. दोघांकडेही फायद्या-तोट्यांची यादी असते आणि दोन्ही याद्या खऱ्या असतात. तरी निर्णय होत नाही. तो का होत नाही, हे आम्हाला आज इतिहासाच्या आधारानं बघायचं आहे. उदाहरणासाठी लांब जायला नको, वर्धा जिल्हा पुरेसा आहे.

प्रश्न जुना आहे. राहण्यासाठी कोणता देश निवडावा याची चर्चा अर्थशास्त्रात कौटिल्यानं केली आहे. पाणी, सुपीक जमीन, जंगल, कष्टाळू शेतकरी असे जनपदाचे गुण त्यानं मोजले. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं आपल्या राजनीतीवरच्या ग्रंथात शहराची जागा कशी असावी, वारा कुठून यावा, पिण्याचं पाणी कसं असावं, हे लिहिलं. चाणक्याच्या नावावरचं एक प्रसिद्ध सुभाषित तर सरळच सांगतं, की जिथं धनवान, विद्वान, राजा, नदी आणि वैद्य हे पाच नाहीत तिथं एक दिवससुद्धा राहू नये. ही झाली सोयीची कसोटी.

आणि याच्या अगदी उलटी कसोटी आपल्या मराठीतच, तेराव्या शतकात सापडते. चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा, असं सांगितलं. कारण काय दिलं? ते देश विषयसुखाचे आहेत म्हणून. बघा, ज्याला आपण फायदा म्हणू तोच त्यांनी तोटा मानला. साधकानं ओळखीच्या माणसांपासून दूर, मुलखाच्या कडेला झाडाखाली आयुष्य काढावं, असाही त्यांचा उपदेश आहे. तेव्हा पहिली गोष्ट आपण लक्षात घेऊ. 'चांगला प्रदेश' हा शब्द अर्धवट आहे. कुणासाठी चांगला आणि कशासाठी चांगला, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. एवढं पक्कं करून आता वर्ध्याकडे येऊ.

जिल्ह्याच्या पश्चिमेला वर्धा नदी आहे. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते आणि खाली वाहत येते. अलीकडे आपला जिल्हा, पलीकडे अमरावती आणि पुढं यवतमाळ. दोन्ही काठांवर तीच काळी जमीन, तीच पऱ्हाटी, तोच पाऊस, तेच ऊन. पण नदीच्या दोन काठांवर राहणं शंभर वर्षं अगदी वेगवेगळं होतं.

पलीकडचा वऱ्हाड निजामाचा होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांनी आपल्या कारभाराखाली घेतला. अलीकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, गादीला वारस मानला गेला नाही आणि राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. इंग्रज दोन्हीकडे आले, पण त्यांनी जमिनीची पद्धत दोन्हीकडे सारखी ठेवली नाही. वऱ्हाडात मुंबई इलाख्यासारखी रयतवारी आणली, म्हणजे शेतकरी स्वतः खातेदार, सारा सरळ सरकारला. इकडे मात्र मालगुजारी. गावचा मालक मालगुजार, तो सरकारला सारा भरणार आणि शेतकरी त्याचं कूळ.

आता प्रश्न विचारू, की १८८० साली कुठल्या काठावर राहणं चांगलं होतं? पहिलं उत्तर येईल, वऱ्हाडात. तिथं शेतकरी आपल्या शेताचा धनी. मालगुजाराच्या वाड्यासमोर जोडे हातात घेऊन जायला नको, वेठबिगार नको. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण उगीच पडलेली नाही. पण थांबा. जो धनी असतो त्याला जमीन गहाणही टाकता येते. कापसाचा भाव चढला की सावकार दारात येऊन पैसे देतो, भाव पडला की तोच सावकार जमीन घेतो. वऱ्हाडात पुष्कळ शेतं अशीच गेली. अलीकडच्या काठावर कुळाला जमीन अशी सहजासहजी विकता-गहाण टाकता येत नव्हती. त्याचं हे बंधन अपमानाचंही होतं आणि कधीकधी बचावाचंही. म्हणजे एकाच कायद्याची एक बाजू फायदा, दुसरी बाजू तोटा. मालगुजारी पुढं १९५१ मध्ये संपली आणि हा फरक मिटला. पण त्या शंभर वर्षांत दोन काठांवर माणसं वेगळ्या तऱ्हेनं वागायला शिकली. जुनी माणसं अजूनही 'पलीकडचे वऱ्हाडी' असं वेगळ्या सुरात म्हणतात, त्याचं मूळ इथं आहे.

यातून दुसरी गोष्ट निघते. प्रदेशाचे गुणदोष आपण हवापाण्यावर ढकलतो, पण त्यातले पुष्कळसे माणसांनी केलेले असतात. कायदा करतो, रस्ता करतो, बाजार करतो. नदीनं काही दोन काठांवर दोन पद्धती ठरवल्या नव्हत्या.

बाजाराचंच घ्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. हिंगणघाटचा कापूस आधीपासून नावाजलेला होता, त्याला सोन्याचा भाव आला. जिल्ह्याचं ठाणं सुरुवातीला पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या लहानशा गावाच्या जागेवर आणलं आणि नवं शहर आखलं, तेच आजचं वर्धा. त्याच सुमाराला मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे आली. पुढं दक्षिणेकडे हिंगणघाट-वरोऱ्याचा फाटा निघाला, वरोऱ्याच्या कोळशासाठी. वर्धा जंक्शन झालं. म्हणजे आपलं शहर कुणा राजानं वसवलेलं नाही, कुठल्या तीर्थामुळे वाढलेलं नाही. कापूस आणि रेल्वे यांनी ते उभं केलं आहे.

आणि मग माणसं आली. मारवाडी आले, कच्छी-गुजराती आले, रेल्वेत तेलुगू आणि मद्रासी आले, कचेऱ्यांत देशावरचे आणि कोकणातले कारकून आले. आज आपली मुलं बाहेर जातात म्हणून आपण हळहळतो, पण वर्धा शहर मुळात बाहेरून आलेल्यांचं शहर आहे. सीकरकडच्या एका खेड्यात १८८९ मध्ये जन्मलेला एक मुलगा वर्ध्याच्या सेठ बच्छराजांच्या घरात दत्तक आला. ते जमनालाल बजाज. त्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, राजस्थान बरा की वर्धा? पण आल्यावर त्यानं या गावाचं काय केलं ते बघा. १९२१ मध्ये विनोबांना साबरमतीहून वर्ध्याला आश्रमासाठी आणवलं. १९२८ मध्ये आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडलं. त्या काळी हे सोपं नव्हतं.

आता मुख्य उदाहरण. जागा निवडण्याचा प्रश्न इतक्या जाणीवपूर्वक सोडवणारा माणूस दुसरा मिळणं कठीण. गांधीजींनी आयुष्यात दोनदा भारतात घर निवडलं आणि दोन्ही वेळा कसोट्या वेगळ्या होत्या.

पहिल्यांदा १९१५ मध्ये. त्यांनी अहमदाबाद का निवडलं हे आत्मकथेत सांगितलं आहे. आपण गुजराती, तेव्हा गुजरातीतून सेवा उत्तम होईल. अहमदाबाद हातमागाचं जुनं केंद्र. शिवाय धनिकांचं शहर, मदत मिळेल. पुढं कोचरबला प्लेग आला तेव्हा आश्रम साबरमतीच्या काठी हलवला. भाषा, धंदा, पैसा, आरोग्य. आपण करतो तशीच ही यादी आहे आणि शहाणपणाची यादी आहे.

दुसऱ्यांदा? १९३० च्या मार्चमध्ये दांडीला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतणार नाही असं ते म्हणाले होते. १९३३ मध्ये तो आश्रम त्यांनी विसर्जितच केला. जमनालालजींच्या आग्रहानं ते वर्ध्याला आले. १९३४ च्या शेवटी ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालालजींनी मगनवाडी दिली, जे. सी. कुमारप्पा तिथं बसले. पण शहरात बसून ग्रामोद्योग कसा करायचा? जवळच्या सिंदी गावात सफाई करून पाहिली, गावकऱ्यांनी फारशी दाद दिली नाही. मग मीराबहन सेगावला जाऊन राहिल्या आणि ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी पायी सेगावला गेले. एप्रिलची अखेर म्हणजे वर्ध्याचं ऊन काय असतं हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

सेगावची यादी करून बघू. भाषा त्यांची नाही. सडक धड नाही, पोस्ट नाही, वैद्य नाही. पावसाळ्यात चिखल आणि मलेरिया. साप इतके की ते पकडून दूर सोडण्यासाठी केलेला चिमटा आणि पेटी आजही आश्रमात ठेवलेली आहे. चाणक्याच्या नावावरच्या त्या कसोटीनं पाहिलं तर सेगावला एक दिवस राहू नये. आणि नेमकं म्हणूनच ते तिथं गेले. देशातली बहुतेक माणसं जिथं राहतात तिथं राहायचं, ही त्यांची नवी कसोटी होती. जो तोटा, तोच निवडीचं कारण झाला. चक्रधरस्वामींची आठवण होते ती इथं.

इथवरची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली असते, टाळ्याही वाजवलेल्या असतात. पण आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, आम्हाला टाळ्यांनंतरचे प्रश्न विचारावे लागतात. ते तीन आहेत.

पहिला. सेगाव खरंच इतकं दूर होतं का? नाही. आठ किलोमीटरवर वर्धा जंक्शन. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास अशा दोन्ही वाटांवरचं स्टेशन. गावात जमनालालजींची मालकी, पाठीशी त्यांची संपत्ती. म्हणूनच तर व्हाइसरॉयनं पुढं थेट टेलिफोन बसवला. १४ जुलै १९४२ चा 'भारत छोडो'चा ठराव वर्ध्यातच झाला. १९४० मध्ये गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं, त्यामागंही टपाल होतं, पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची. म्हणजे सेगावचे तोटे वर्ध्याच्या फायद्यांवर उभे होते. यात कमीपणा काही नाही. पण जगातलं सर्वांत आडबाजूचं खेडं निवडलं असं म्हणू नये. त्यांनी असं खेडं निवडलं जिथून देशाशी बोलता येईल. हे जास्त खरं आहे आणि जास्त उपयोगाचंही आहे.

दुसरा प्रश्न. निवड एकानं केली, किंमत कुणी दिली? त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजींना मलेरियानं गाठलं आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. ती किंमत त्यांची स्वतःची. पण कस्तुरबांना कुणी विचारलं होतं? महादेवभाई देसाई मगनवाडीत राहत आणि कागदपत्रं घेऊन सेगावला पायी ये-जा करीत, भर उन्हाळ्यातसुद्धा. मीराबहन तिथं आजारी पडल्या. घरातला एक जण प्रदेश निवडतो आणि बाकीचे त्याच्यामागून जातात, ही गोष्ट महात्म्याच्या घरीही चुकली नाही. आपल्याकडे तर अर्ध्या लोकसंख्येनं प्रदेश कधी निवडलाच नाही. मुलगी कोकणातून विदर्भात दिली की ती विदर्भाची झाली. उन्हाळा कसा वाटतो, हे तिला पुढं कुणी विचारलं तर नशीब. फायद्या-तोट्यांच्या याद्यांत 'याद्या कोण करतंय' हा रकाना नसतो. तो घालायला हवा.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. सेगावात बहुसंख्य वस्ती तेव्हा ज्यांना हरिजन म्हणत त्यांची होती. गांधीजी गावात आले ते निवडून आले. ही माणसं तिथं होती ती निवडून नव्हे. त्यांच्यासाठी खेड्यात राहण्याचा मुख्य तोटा मलेरिया नव्हता, जात होती. विहीर कुठली, वाट कुठली, देऊळ कुठलं, सगळं ठरलेलं. म्हणून डॉ. आंबेडकर नेमकं उलट सांगत होते, की गाव सोडा, शहरात जा, शिका. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी खेड्याच्या गोडव्यांचा कडक शब्दांत समाचार घेतला. दोघांत बरोबर कोण? आम्हाला वाटतं, हा प्रश्न असा विचारूच नये. ज्याला कुठंही राहता येतं त्यानं खेड्यात येणं ही सेवा. ज्याला गावकुसाबाहेर ढकललंय त्यानं शहरात जाणं ही मुक्ती. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, कारण बोलणाऱ्यांची जागा वेगळी आहे. खेड्यात राहण्याचा उपदेश करण्याआधी समोरच्याला तिथून निघण्याची मोकळीक आहे का, हे पाहावं लागतं.

आता विनोबा. त्यांची गोष्ट वेगळी, आणि आमच्या वयाच्या माणसांना विशेष जवळची. जन्म कोकणातल्या गागोद्याचा, लहानपण बडोद्यात, १९२१ पासून वर्धा. १९३८ मध्ये तब्येत फार खालावली. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जा म्हणाले लोक. ते गेले कुठं? पवनारला. वर्ध्याहून थोड्याच अंतरावर, धाम नदीच्या काठच्या टेकडीवर. तिथं रोज शेतात खणायला लागले आणि प्रकृती सुधारली. पुढं मार्च १९५१ मध्ये पवनारहून पायी निघाले, एप्रिलमध्ये तेलंगणात पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि तेरा वर्षं देश पायाखाली घातला. इतके प्रदेश पाहिलेला माणूस दुसरा कोण असेल? त्यानं शेवटी काय केलं? पवनारला परत येऊन १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे आता ही जागा सोडायची नाही. १९८२ मध्ये देह तिथंच ठेवला. आणि त्याच पवनारला १९५९ पासून ब्रह्मविद्या मंदिर आहे, जिथं देशातल्या वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या स्त्रियांनी आपली राहायची जागा स्वतः निवडली. आधीच्या दुसऱ्या प्रश्नाला एक लहानसं उत्तर तिथं आहे.

मित्रहो, आता आजच्या दिवसाबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर हे सगळं पुण्यस्मरण होईल. २००१ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख ३७ हजार होती, २०११ मध्ये १३ लाख. दहा वर्षांत जेमतेम पाच टक्के वाढ. याच काळात पुणे जिल्हा ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला, म्हणजे तीस टक्के. यात जन्ममृत्यूचा फरक असेल, पण माणसं कुठून कुठं चालली आहेत हे कळायला एवढं पुरे आहे. पुलगावची गिरणी बंद पडली. कोरडवाहू कापसाचं गणित जमेना, तेव्हा २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यात आपला जिल्हा होता. कशासाठी होतं ते, हे उच्चारायला जड जातं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी.

याला नुसतं हवामान जबाबदार नाही. १९५३ च्या नागपूर कराराच्या वेळी विदर्भाला निधीत आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा द्यायचं ठरलं होतं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं तर वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पुढं १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली, कारण विभागाविभागांतला अनुशेष मोजण्याची वेळ आली होती. सिंचनाचा अनुशेष हा त्यातला मोठा भाग. वैधानिक विकास मंडळं यायला १९९४ उजाडलं. वेगळं राज्य हवं की नको यावर या सभागृहात दोन मतं असतील, असू द्यावीत. आमचं म्हणणं एवढंच, की तोटा जर माणसांनी तयार केला असेल तर त्याला 'आमच्या भागाचं नशीब' म्हणू नये.

आणि फायदेही तसेच तयार होतात. ज्या सेगावात मलेरियाला औषध मिळत नव्हतं तिथं पुढं कस्तुरबा रुग्णालय वाढलं आणि १९६९ मध्ये सुशीला नायर यांच्या पुढाकारानं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आज शेजारच्या जिल्ह्यांतून माणसं उपचारांना सेवाग्रामला येतात. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं, गावांनी हाकललेल्या माणसांसाठी. हे गुण भूगोलात नव्हते. कुणीतरी राहिलं म्हणून ते आले.

म्हणून मुलांना आमचं सांगणं असं. बाबांनो, जा. शिकायला जा, कामाला जा, कोरडवाहू पाच एकरांवर तिघांचे संसार चालत नाहीत हे आम्हाला कळतं. जाणाऱ्याला कृतघ्न म्हणणं हा आमचा आळस आहे. वर्धा बाहेरून आलेल्यांनी घडवलं, तसं पुणंही तुम्ही घडवाल. मात्र 'तिकडे काय ठेवलंय' असं म्हणू नका. जे आहे ते कुणीतरी ठेवलेलं आहे, आणि आणखी ठेवायला जागा आहे.

आणि आमच्या पिढीला सांगणं असं. मुलांच्या घरी जायचं की इथंच राहायचं, हे ठरवताना दोघांनी बसून ठरवा. पतीनं ठरवायचं आणि पत्नीनं पिशवी भरायची, असं नको. इथंच राहायचं असेल तर नुसतं अडून राहू नका, काही करायला राहा. शेजारच्या पोराचं गणित घ्या, वाचनालय उघडं ठेवा. आम्ही दोघांनी विचार केला आणि वर्ध्यात राहायचं ठरवलं. ऊन आहे, गुडघे दुखतात, मुलं लांब आहेत, हे तिन्ही तोटे खरे आहेत, त्यांची वजाबाकी होत नाही. पण सकाळी दार उघडलं की नावानं हाक मारणारी चार माणसं आहेत आणि संध्याकाळी पाच मुलं पुस्तकं घेऊन येतात. या वयात आम्हाला तेवढं पुरतं. तुम्हाला पुरेलच असं नाही, आणि तसं असण्याची गरजही नाही.

वेळ झाली आहे, थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा, विशेषतः भगिनींनी.